आज उपस्थित

आई : म्हणजे चार महिने हा पलंग रिकामाच आहे?

शिडी : मध्ये एक जण आला होता, काकू. फर्स्ट इयरचा. पाच दिवस राहिला आणि मग खालच्या मजल्यावर खोली बदलून घेतली.

आई : का?

शिडी : झोप लागत नाही म्हणाला इथं.

ताई : आई, तू आधी बस. तीन जिने चढून आलीयेस. आणि आपण पलंग बघायला आलेलो नाही.

आई : बसते. यावर बसले तर चालेल ना रे? तूच शिडी ना? धाकटा फोनवर कायम शिडीच म्हणायचा. आमच्या खोलीत स्टूल लागत नाही, शिडी राहायला आहे, म्हणायचा. त्या दिवशी पाहिलं असेल मी तुला. पण त्या दिवशी कोण कोण होतं, ते काही लक्षात राहिलं नाही.

शिडी : हो, मीच. ते ऊन येतंय तिकडे, पडदा ओढू का?

ताई : नको. मी काय झालंय ते सांगते, म्हणजे तुझाही वेळ जाणार नाही. कॉलेजकडून आईच्या फोनवर रोज हजेरीचा मेसेज येतो. नऊ वाजून दहा मिनिटांनी. तुझ्या घरीही येत असेल.

शिडी : येतो.

ताई : धाकटा गेल्यावरही तो यायचा थांबला नाही. ‘आपला पाल्य आज अनुपस्थित आहे.’ सुट्टीचा दिवस सोडला तर रोज. मी ऑफिसात दोनदा फोन केला, एकदा स्वतः येऊन अर्ज दिला. ते म्हणाले, यादी वरून येते, सेमिस्टर संपल्याशिवाय नाव निघत नाही. मग मी म्हटलं, नंबर ब्लॉक करून टाकते. तर हिनं करू दिला नाही.

आई : त्यात त्याचं नाव असायचं ना. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आता त्याचं नाव रोज कोण लिहिणार? घरात तर आम्ही दोघी ते नाव घ्यायचंच टाळतो. अनुपस्थित तर अनुपस्थित, पण कुणीतरी रोज सकाळी त्याला शोधतंय, असं वाटायचं मला.

ताई : ते असू दे, आई. तर मागच्या आठवड्यात, मंगळवारी, मेसेज आला. ‘आपला पाल्य आज उपस्थित आहे.’

आई : मी कामावर होते. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत असते, चादरींच्या इस्त्रीवर. मोठा तापलेला रोलर असतो, एका बाजूनं ओली चादर द्यायची, दुसऱ्या बाजूनं ओढायची. फोन खिशात थरथरला, म्हणून काढून वाचला, आणि माझे हात तिथेच राहिले. चादर रोलरवर करपली. बारा वर्षांत एकदाही करपली नव्हती. बाकीच्या बायका धावत आल्या. मी म्हटलं, रोलर जास्त तापलाय. काय सांगणार?

ताई : मी पहिल्याच दिवशी म्हटलं, मशीनची चूक आहे.

आई : चूक एक दिवस होते. आज आठवा दिवस. आज आम्ही बसमध्ये होतो, तेव्हाही आला. नऊ वाजून दहा मिनिटांनीच. हिनंही वाचला.

ताई : म्हणून म्हटलं, प्रत्यक्ष जाऊनच विचारू. तुमच्या वर्गात त्याच्यासारख्याच नावाचं कुणी नवीन आलंय का? नंबर इकडचा तिकडे झाला असेल.

शिडी : नाही. तसं कुणी नाही. पण ॲप मध्येमध्ये गडबड करतं, ताई. परवा एका सरांनाच गैरहजर दाखवत होतं.

आई : ती हजेरी लागते तरी कशी? धाकट्यानं एकदा सांगितलं होतं, पण मी नुसतं हो हो म्हटलं होतं.

शिडी : सोपं आहे. वर्गात गेलं की फोनवर ॲप उघडायचं. फोन त्या खोलीत असला तरच बटण दिसतं. मग त्यावर बोट टेकवायचं. झालं.

आई : म्हणजे माणूस वर्गात आहे का, ते कुणी बघत नाही. फोन आहे का, ते बघतात.

शिडी : तसंच म्हणायचं.

आई : आणि धाकट्याचा फोन तर सापडलाच नाही.

ताई : नाही. आम्ही सामान न्यायला आलो तेव्हा सगळं होतं, लॅपटॉप होता, चार्जरसुद्धा होता. फोन नव्हता. तेव्हा तूच म्हणालास, कुठे गेला कळत नाही. खूप लोक आले-गेले त्या दिवशी, कुणी उचलला असेल.

शिडी : हो. म्हणालो होतो.

ताई : आई, तू जरा बाहेर गॅलरीत जाऊन बसतेस का? मला याच्याशी दोन मिनिटं बोलायचंय.

आई : नाही. जे बोलायचं ते माझ्यासमोर बोल. बसमध्ये पण तू मला काहीतरी सांगणार होतीस आणि खिडकीबाहेर बघत बसलीस.

ताई : ठीक आहे. मी तुला मशीनची चूक म्हणत होते ना, मला स्वतःलाच ते पटलेलं नाही. धाकट्याची आणि माझी पैज असायची. दिवसात कोण जास्त चालतं याची. फोन पावलं मोजतो, आणि त्याची पावलं मला माझ्या फोनवर दिसतात, माझी त्याला. मी औषधाच्या दुकानात दिवसभर उभी असते, काउंटरच्या मागे पुढे करून माझी पाच-सहा हजार होतात. तो मुद्दाम जिने चढून मला हरवायचा. तो गेल्यावर त्याच्या नावापुढे रोज शून्य यायचं. मला ते काढून टाकता आलं नाही. तू तो नंबर ब्लॉक करू दिला नाहीस, तसंच.

आई : मग?

ताई : गेल्या मंगळवारपासून त्याची पावलं परत दिसायला लागली. पहिल्या दिवशी तीन हजार दोनशे. काल सहा हजार चारशे. काल तर त्याच्या नावाखाली आलं होतं, आज यांनी तुम्हाला हरवलं. आठ दिवस मी रात्री फोन उशीखाली घालून झोपते, आई, आणि तुला सांगते, मशीनची चूक आहे म्हणून.

आई : मला आधी का नाही बोललीस?

ताई : काय बोलणार होते? तो चालतोय म्हणून?

शिडी : ती पावलं माझी आहेत, ताई.

ताई : काय?

शिडी : माझी आहेत. फोन माझ्याकडे आहे. म्हणजे माझ्या बॅगेत असतो. मी चालतो ते तो मोजतो. मला माहीत नव्हतं तुम्हाला दिसत असेल. शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं.

ताई : कुठे आहे फोन?

शिडी : या ड्रॉवरमध्ये. हा घ्या. चार्ज केलेला आहे.

ताई : चार महिने तू... आई, तू बोलू नकोस, मला बोलू दे. चार महिने हा फोन तुझ्याकडे आहे. आम्ही पोलिसांत तक्रार दिली होती. आईनं त्या नंबरवर किती वेळा फोन लावला असेल, तुला कल्पना आहे? नुसती रिंग जात राहायची. आम्ही म्हणायचो, चोरणाऱ्यानं अजून बंद कसा केला नाही.

शिडी : मला दिसायचं. ‘आई’ असं यायचं स्क्रीनवर. मी समोर ठेवून बसायचो. उचलायची हिंमत व्हायची नाही आणि बंदही करवायचा नाही. तो फर्स्ट इयरचा मुलगा त्यामुळेच गेला. त्याला कळेना मी कुणाचा फोन असा बघत बसतो.

आई : हजेरी तू लावतोस?

शिडी : हो, काकू.

आई : का रे बाबा?

शिडी : नवीन मॅडम आल्या आहेत, सुट्टीनंतर. त्यांना काही माहीत नाही. हजेरी लागली की पुढच्या पडद्यावर गैरहजर मुलांची यादी येते. त्याचं नाव आडनावामुळे रोज पहिलं. मॅडमनी एक दिवस विचारलं, हा कोण महाभाग आहे, मी याला एकदाही पाहिलं नाही, कुणी मित्र असेल तर सांगा त्याला, परीक्षेला बसू देणार नाही. वर्गात साठ मुलं आहेत. कुणी काही बोललं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मलाही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन गेलो. यादीत त्याचं नाव आलं नाही. मग रोजच नेऊ लागलो. घरी मेसेज जात असेल हे मनात आलं होतं, पण वाटलं, तुम्ही तो नंबर केव्हाच बंद केला असेल.

ताई : हे झालं हजेरीचं. फोन मुळात तुझ्याकडे कसा?

शिडी : सांगतो.

ताई : सांग.

शिडी : इथं सगळेच करतात ते. सकाळचं लेक्चर नकोसं होतं. मग दोघांपैकी एकानं झोपायचं आणि दुसऱ्यानं दोन्ही फोन न्यायचे. म्हणून आम्ही एकमेकांच्या फोनमध्ये आपापल्या बोटाचा ठसा घालून ठेवला होता. एक दिवस तो जायचा, एक दिवस मी. त्या दिवशी खरं तर त्याचा नंबर होता जायचा. सकाळी म्हणाला, छाती भरलीये, आज तू जा. मी विचारलं, दम्याचा पंप आहे का. म्हणाला, थोडा आहे, पुरेल. मी दोन्ही फोन घेतले आणि गेलो.

आई : त्या दिवशी मेसेज आला होता. उपस्थितचा.

शिडी : मीच लावली होती हजेरी.

आई : आदल्या रात्री तो फोनवर खोकत होता. दम्याचं पोर ते, मला त्याचा खोकला ओळखू यायचा. कोणता साधा आणि कोणता पुढे वाढणारा. सकाळी कामावर पोचल्यावर म्हटलं, लावावा फोन, कसा आहे विचारावं. हातात घेतलाही होता. तेवढ्यात मेसेज आला. वाटलं, वर्गात जाऊन बसलाय म्हणजे बरा आहे. फोन खिशात टाकला आणि कामाला लागले.

ताई : आई, तू हे कधी बोलली नाहीस.

आई : तू पावलांचं बोललीस का?

ताई : तू पुढे सांग रे. एवढंच आहे की अजून काही आहे? तुझा चेहरा सांगतोय, अजून आहे.

शिडी : तुम्ही त्याचा लॅपटॉप उघडलात का, ताई?

ताई : उघडला. फोन शोधायचं पान होतं समोर, पण नकाशावर नुसतं कॉलेजच दिसत होतं. मला वाटलं, त्याचा फोन हरवलाय म्हणून तो शोधत असेल. पोलिसांनाही मी तेच सांगितलं.

शिडी : त्या पानावर एक बटण असतं. ते दाबलं की फोन कुठेही असला तरी जोरात वाजतो. आवाज बंद करून ठेवला असला तरी वाजतो. आमचा तो खेळ होता. मी लायब्ररीत असलो की तो इथून माझा फोन वाजवायचा. मी पण त्याचा वाजवायचो, एकदा व्हायव्हा चालू असताना वाजवला होता. ते पान आमच्या दोघांच्या लॅपटॉपवर कायम उघडंच असायचं.

आई : म्हणजे?

शिडी : दहा वाजून आठ मिनिटांनी फोन वाजला. माझ्या बॅगेत. लेक्चर चालू होतं. सगळे वळून बघायला लागले. माझा फोन बाकावर, आणि बॅगेत दुसरा वाजतोय. दोन फोन सापडले तर दोघांचीही सगळी हजेरी रद्द करतात. मी बॅगेत हात घालून कडेचं बटण दाबलं. थांबला. मला वाटलं, झोपून उठलाय आणि माझी फजिती करतोय.

ताई : थांब जरा.

शिडी : चार मिनिटांनी परत वाजला. मी परत दाबला. बाजूचा मुलगा हसला. मीही हसलो. मग दहा एकवीसला. तेव्हा मला राग आला. मी फोन जर्किनमध्ये गुंडाळला आणि बॅगेच्या तळाशी घातला. त्यानंतर वाजला नाही.

आई : तीन वेळा.

शिडी : तीन वेळा, काकू. पुढचं लेक्चर पण केलं मी. एक वाजता वर आलो. दार आत ढकललं जात नव्हतं. तो दाराशीच होता. तुम्हाला माहीत आहे पुढचं.

ताई : मजल्यावर दुसरं कुणीच नव्हतं?

शिडी : सगळे लेक्चरला. नाहीतर झोपलेले, कानात हेडफोन घालून. मी नंतर एकेकाला विचारलं. कोपऱ्यातल्या खोलीतला म्हणाला, काहीतरी पडल्यासारखं वाटलं होतं.

ताई : आणि तू फोन लपवलास.

शिडी : डॉक्टर म्हणाले, दहा ते अकराच्या मध्ये कधीतरी. तेव्हा फोन माझ्या बॅगेत होता. बॅग माझ्या खांद्यावर होती. मला वाटलं, कुणी हातातून काढून घेईल आणि उघडून बघेल. नंतर वाटलं, देऊन टाकू. मग वाटलं, आता इतके दिवस झाले, आता देताना काय सांगू. वॉर्डन सरांना ईमेल लिहिली. तीनदा लिहिली. ड्राफ्टमध्ये पडून आहे. रोज उघडतो, एखादा शब्द बदलतो.

ताई : कसला शब्द बदलतोस? यात बदलायला शब्द कुठले आहेत? मी पंप विकते, दिवसाला दहा विकते. एक पंप आणि कुणीतरी पाठीवर हात ठेवून बसलेलं, एवढंच लागतं. आणि तू तिथं हसत होतास.

शिडी : हो.

ताई : हो म्हणू नकोस. भांड तरी माझ्याशी.

आई : अगं, पुरे. मला एक विचारायचंय त्याला. तो आवाज कसा आहे?

शिडी : कोणता, काकू?

आई : फोन वाजायचा तो. तू म्हणालास जोरात वाजतो. मला ऐकायचाय.

ताई : आई, कशाला? नको.

आई : माझ्या पोरानं शेवटचं काय केलं असेल तर तो फोन वाजवला. मला तो ऐकायचाय. तुला नसेल ऐकायचा तर तू गॅलरीत जा.

शिडी : माझ्या लॅपटॉपवरून वाजवता येईल. त्याचं खातं त्यात उघडं आहे अजून. काकू, नक्की?

आई : वाजव. आणि मी सांगितल्याशिवाय बंद करू नकोस.

(फोन टेबलावर वाजू लागतो. कुणी हात लावत नाही. बराच वेळ वाजून तो आपोआप थांबतो.)

आई : केवढा मोठा आवाज आहे.

शिडी : हो.

आई : एवढा वेळ वाजतो?

शिडी : कुणी बंद केला नाही तर पाच मिनिटं.

ताई : समोरच्या खोल्यांची दारं उघडली बघ. कोण वाजवतंय म्हणून सगळे बाहेर आलेत.

आई : येऊ देत. आले तर बरंच आहे. तू त्यांना सांग रे, काही नाही म्हणून. नाहीतर राहू दे, नको सांगू.

शिडी : काकू, मी आजच ऑफिसात येतो तुमच्याबरोबर. जे आहे ते लिहून देतो. तुम्ही म्हणाल तिथं सही करतो. पोलिसांकडेही येतो.

ताई : यायलाच लागेल. आणि त्या मॅडमना पण सांगायचं. वर्गात सगळ्यांसमोर, उभं राहून. तो महाभाग नव्हता म्हणावं.

शिडी : सांगतो. उद्या पहिलंच लेक्चर त्यांचं आहे.

आई : तू जेवतोस का नीट? हाडं दिसतायत.

शिडी : असं नका विचारू, काकू. ताई बोलतात तेच बरं वाटतं.

आई : मी तुला माफ केलं म्हणून विचारलेलं नाही. ते मला जमेल की नाही, मला माहीत नाही. जमणार नाही असंच आत्ता वाटतंय. समोर हडकुळं पोर दिसलं की तोंडातून निघतं तेवढंच. तुझ्या आईला माहीत आहे का यातलं काही?

शिडी : नाही. तिला वाटतं, अभ्यासाचं टेन्शन आहे. तिला रोज माझा उपस्थितचा मेसेज जातो.

आई : आज लाव तिला फोन. ऑफिसात जायच्या आधी लाव.

शिडी : हो.

ताई : याचं लॉक काय आहे?

शिडी : इंग्रजी एल काढायचा. वरून खाली, मग उजवीकडे.

ताई : उघडला. फोटो तसेच आहेत सगळे. ते नंतर बघू. आधी ते बोटांचं कुठे असतं? सेटिंगमध्येच ना? हे बघ, आहे. ‘बोट एक’, ‘बोट दोन’. यातलं तुझं कोणतं?

शिडी : दोन. एक त्याचं.

ताई : दोन काढून टाकते.

आई : असू दे गं. एकट्याला कशाला ठेवतेस.